सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी: आठ महिन्यांनंतर

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेब बघतो. गोडाऊनला लागून दोन खोल्या, माणसं सहा. आषाढात एका प्रशिक्षणात सगळ्यांना मोबाइलवर ही चाचणी भरायला लावली. फुकटातली होती, एमबीटीआय म्हणजे मायर्स-ब्रिग्ज नावाची परवान्याची मूळ चाचणी नव्हे, पण साचा तोच: चार जोड्या, प्रत्येकीतलं एक अक्षर, एकूण सोळा प्रकार. माझा निकाल आयएसटीजे. अंतर्मुख, तपशिलात रमणारा, आखून काम करणारा. वाचून वाटलं, कोणी कुंडलीच मांडली.

फायदा झाला तो पहिल्या अक्षराचा, म्हणजे अंतर्मुख की बहिर्मुख याचा. आमच्या मॅडम बोलता बोलता विचार करतात. सोयाबीनच्या गर्दीत एकाच्या मालात ओलावा 14 टक्के निघाला, आम्ही 12 पर्यंतच घेतो. मॅडम काट्यापाशीच सुरू, "परत पाठवू... नाही, ताडपत्रीवर पसरू... की उद्या या म्हणू?" पूर्वी मी प्रत्येक वाक्य हुकूम समजून पावती फाडायचो आणि मनात चरफडायचो. आता सरळ विचारतो, "मॅडम, ठरलं की नुसतं बोलून राहिले?" त्या हसतात. उलट मी गप्प बसलो की त्यांना वाटायचं, "काहून भाऊ, राग आला का?" राग कसला, मी आकडे जुळवत असायचो. आता उद्याचा प्रश्न त्या संध्याकाळीच व्हॉट्सॲपवर टाकतात, सकाळी मी उत्तर घेऊन येतो. एवढ्यानं आमची अर्धी कुरकुर थांबली.

बाकीच्या तीन अक्षरांचा मला काडीचा उपयोग झाला नाही. एकाला तर बहाणाच मिळाला. त्याचं शेवटचं अक्षर पी, म्हणजे आखून न चालणारा. कॉम्प्युटरवरच्या पोरानं बारदान्याची नोंद तीन दिवस केली नाही, वर म्हणतो, "मी पी आहो ना भाऊ, मले वेळेचं जमत नाही." चाचणीच्या आधीही त्याला जमत नव्हतंच, तेव्हा निदान लाजायचा तरी.

तूर खरेदीआधी मी पुन्हा भरून पाहिली. निघालं आयएसएफजे, म्हणजे तिसरं अक्षर बदललं, तर्कानं ठरवणारा होतो तो भावनेनं ठरवणारा झालो. मी तोच, गोडाऊन तेच. ही चाचणी माणसाला मधोमध चिरते. काठावरचा माणूस चार प्रश्नांनी इकडचा तिकडे पडतो, आणि बहुतेक माणसं मधल्यातच असतात. मानसशास्त्रज्ञ जास्त मानतात ते पाच गुणांचं मोजमाप, त्यात कप्पे नाहीत, कमी-जास्त प्रमाण असतं. सोळा प्रकारांच्या चाचणीचं मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या 1921 च्या मांडणीत. पुढे कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी तिची प्रश्नावली केली. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं शिक्षण नव्हतं. तरी अंतर्मुख-बहिर्मुख हा भाग दोन्हीकडे आहे, आणि आमच्या कामी तोच आला.

गेल्या महिन्यात एका संचालकांनी सुचवलं, नवा मापारी हीच चाचणी घेऊन निवडू. मी विरोध केला. एमबीटीआय काढणारी कंपनी स्वतःच सांगते, नोकरभरतीसाठी वापरू नका. शेवटी उमेदवाराला दोन दिवस काट्यावर उभं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं एका पोत्याचं वजन परत घ्यायला लावलं, 700 ग्रॅमचा फरक निघाला. त्याला ठेवून घेतलं.