ट्रॉलीवाल्याला केसमध्ये घ्यावे की त्याच्यावर वेगळा अर्ज टाकावा?

अपघाताच्या भरपाईची केस कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात रांगेला लागलेली असते आणि ट्रॅक्टरच्या विमा कंपनीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, येते: धडक ट्रॉलीला बसली, तिला रिफ्लेक्टर नव्हता, तिचा मालक दुसराच, आणि तो पक्षकारच नाही. ऊस हंगामात आपल्याकडे याचे नवल नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीची नोंदणी वेगळी, आणि मालकही कधी कधी वेगळे. मग ट्रॉलीवाल्याला चालू केसमध्ये जाबदार (ज्याच्याविरुद्ध केस आहे तो) करून घ्या, नाहीतर त्याच्यावर स्वतंत्र अर्ज टाका. माझ्या मेहुण्याने दुसरे केले, मी नंतर पहिले.

वेगळ्या अर्जाची जमेची बाजू खरी आहे. जुनी केस अडत नाही. जोडायचे म्हटले की अर्जात दुरुस्ती, नव्या प्रती, पुन्हा नोटीस. माझा ट्रॉलीवाला पत्त्यावर सापडेना. शेवटी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागली आणि तोवर नुसत्या तारखा. ट्रॉलीची विमा कंपनी मात्र लगेच हजर झाली, आणि खरे तर पैसे तिच्याकडूनच यायचे असतात.

पण मेहुण्याच्या डॉक्टरांचे जे झाले, ते पाहून मी ठरवले. अपंगत्वाचा दाखला देणारा डॉक्टर ऑपरेशनची यादी सोडून एकदा साक्षीला येतो हेच उपकार. मेहुण्याला त्यांना दोनदा आणावे लागले. तोच पाय, तोच एक्स-रे, तीच उलटतपासणी. मूळ बिले पहिल्या फाइलमध्ये, त्यामुळे दुसऱ्या केससाठी नकलांचा अर्ज करून वाट पाहत बसायचे. वर डॉक्टर दुसऱ्या वेळी चालण्यातल्या अडचणीबद्दल जरा वेगळे बोलले, झाले! समोरच्या वकिलाने पहिली साक्ष काढून दाखवली. शिवाय एका केसमध्ये ट्रॅक्टरवाला ट्रॉलीकडे बोट दाखवणार, दुसरीत ट्रॉलीवाला ट्रॅक्टरकडे.

मुदतीचे पाहा. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट आली. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे, तरी नव्या अर्जावर हा आक्षेप पहिला येणार. जोडलेला पक्षकारही आपोआप सुटत नाही. 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 21 प्रमाणे त्याच्यापुरता दावा तो सामील झाल्या दिवशीचा धरतात. मात्र नाव प्रामाणिक चुकीने राहिले असे पटले, तर कोर्ट आधीची तारीख धरू शकते. ही फट वेगळ्या अर्जाला नाही.

तुम्ही गाडीवर मागे बसलेले असाल, म्हणजे तुमची स्वतःची चूक नसेल, तर काहीच न करणेही चालू शकते. सुप्रीम कोर्टाने 2015 साली खेन्येई प्रकरणात सांगितले आहे की दोन वाहनांची मिळून चूक असेल तर जखमी माणूस कोणा एकाकडूनही पूर्ण भरपाई घेऊ शकतो. मी स्वतः गाडी चालवत होतो, म्हणून मला तो आधार पुरेसा वाटला नाही.

केस युक्तिवादावर आली असेल तर मीही कदाचित जोडायला कचरलो असतो. डॉक्टरांची साक्ष व्हायची असेल, तर आधी जोडण्याचा अर्ज द्या. साक्षीनंतर नवा जाबदार आला तर तो उलटतपासणीसाठी डॉक्टरांना परत बोलवायला सांगणारच. सोबत ट्रॉलीच्या नंबरचा आरटीओचा उतारा आणि विम्याची प्रत लावा.