दक्षिण फ्रान्सची छोटी गावं, दोघं जण आणि टीईआर गाड्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

दोघांनी कमी खर्चात दक्षिण फ्रान्सची छोटी गावं बघायची तर टीईआर, म्हणजे तिथल्या प्रादेशिक गाड्या, हाच मुख्य आधार. ऑक्सितानी प्रांतात त्यांना 'लिओ' म्हणतात, प्रोव्हान्सकडे 'झू'. एका प्रांताचं सवलतकार्ड दुसऱ्या प्रांतात चालेलच असं धरू नका. वेगवान टीजीव्हीचं भाडं मागणीप्रमाणे चढतं-उतरतं. टीईआरचं साधं भाडं मात्र अंतरावर ठरलेलं असतं आणि बैठक राखून ठेवावी लागत नाही. त्यामुळे महिनाभर आधी तिकीट काढून फारसं काही वाचत नाही. खरा खर्च खोलीचा, आणि शेवटची गाडी चुकली तर टॅक्सीचा. म्हणून स्वस्त तिकिटाच्या मागे लागण्यापेक्षा मुक्कामाचं गाव विचार करून निवडा.

रोज नव्या गावात बॅगा ओढत नेणं आम्हाला अजिबात पटत नाही. दोघांत खोलीचं भाडं वाटलं जातं, एकाच जागी आठवडाभर राहिलं की दरही उतरतो, स्वयंपाकघर मिळतं. मात्र ते गाव जंक्शन हवं. आमची पहिली पसंती नार्बोन. तिथून पश्चिमेला कार्कासोन अर्ध्या तासावर, उत्तरेला बेझिए, आग्द आणि सेत, दक्षिणेला पेर्पिन्यां आणि पुढे थेट स्पेनची सीमा. दुसरी पसंती नीम. तिथून आर्ल, मोंपेलिए आणि आलेस होतं, शिवाय पाऊण तासात एग-मोर्त आणि ल ग्रो-द्यु-र्वा हा समुद्राकडचा फाटा. ऱ्होन नदीच्या उजव्या काठाने पाँ-सँ-तेस्प्रीपर्यंतची प्रवासी वाहतूक 1973 मध्ये बंद पडली होती, ती ऑगस्ट 2022 पासून पुन्हा सुरू आहे. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत ही गाडी सापडणार नाही. कोल्युरसारख्या देखण्या गावात मुक्काम करावासा वाटतो, पण उन्हाळ्यात तिथल्या खोल्या महाग असतात आणि पेर्पिन्यांहून ते अर्ध्या तासाच्या आतच आहे.

एका शहरात दोन स्टेशनं असणं हा मोठा सापळा. नीम, मोंपेलिए आणि आव्हिन्याँ या तिन्ही शहरांत गावातलं जुनं स्टेशन वेगळं आणि टीजीव्हीचं बाहेरचं वेगळं. मोंपेलिएमध्ये 'सँ-रॉक' लिहिलेलं असेल तर ते गावातलं. 'स्युद द फ्राँस' हे 2018 मध्ये उघडलेलं शहराबाहेरचं. नीमचं 'पाँ-द्यु-गार' स्टेशन शहराबाहेर मान्द्युएलजवळ आहे आणि पाँ-द्यु-गार हा प्रसिद्ध रोमन पूल तिथून चालत जाण्यासारखा नाही. गावांच्या नावांतही असाच घोळ. अ‍ॅपमध्ये नुसतं 'व्हिलफ्राँश' टाकलं तर नीसजवळचं, लिओंजवळचं, रुएर्गमधलं, सगळीच पुढे येतात. पिरेनीजमधलं हवं असेल तर 'व्हिलफ्राँश-व्हेर्ने-ले-बँ' असं पूर्ण नाव निवडा.

तिकीट काढताना आधी गाडीचा प्रकार बघा. बोर्दो-मार्सेय ही आंतरशहर गाडी कार्कासोन, नार्बोन, बेझिए, सेत या स्टेशनांवर थांबते आणि अ‍ॅपमध्ये टीईआरच्या शेजारीच दिसते, पण तिला आरक्षण सक्तीचं आहे आणि टीईआरचं तिकीट तिच्यात चालत नाही. मोबाइलवरचं टीईआर तिकीट नावाचं असतं, तेव्हा दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे टाका, ओळखपत्र जवळ ठेवा आणि पीडीएफ दोघांच्या फोनमध्ये उतरवून घ्या. सगळी तिकिटं एकाच फोनमध्ये आणि त्याचीच बॅटरी संपली, तर तपासनीसापुढे दोघंही अडकतात. कागदी तिकिटावर 'आ काँपोस्ते' असा मजकूर छापलेला असेल तर गाडीत चढण्याआधी पिवळ्या यंत्रात ते ठसवून घ्यायचं. राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो. तिकिटाचं यंत्र नसलेल्या थांब्यावरून चढलात तर बसून वाट बघू नका, स्वतः तपासनीसाला गाठा. तो येईपर्यंत थांबलात तर जादा दराची पावती फाटू शकते.

भारतातून येणाऱ्यांसाठी: कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधीच सुरू करून ठेवा, पिन पाठ ठेवा आणि ओटीपी येणारं भारतीय सिम रोमिंगवर चालू राहू द्या. छोट्या स्टेशनांतली यंत्रं बहुधा कार्ड आणि नाणी घेतात, नोटा घेत नाहीत. पन्नासची नोट तिथे कुचकामी.

गाड्यांविषयी मत चांगलं आहे. वातानुकूलन असतं, काही गाड्यांत बैठकीजवळ चार्जिंगची सोय मिळते, सामान डोक्यावरच्या फळीवर बसतं. शौचालय गाडीत असतं, पण छोट्या स्टेशनांवर नसतं किंवा कुलूपबंद असतं. फलाट बदलायला बऱ्याच ठिकाणी फक्त भुयारी जिनाच असतो. म्हणून माणशी एक बॅग, आणि तीही एका हातात जिना चढवता येईल एवढीच. खिडकी निवडताना: सेतहून आग्दकडे जाताना रूळ समुद्र आणि 'तो' नावाचं सरोवर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून जातात. डावीकडे समुद्र, उजवीकडे सरोवर. नार्बोनहून दक्षिणेला निघालात की आधी दोन्ही बाजूंना खाजणं लागतात. पेर्पिन्यांपुढे मात्र डावी खिडकीच घ्या.

उतरल्यावर किती चालायचं हे गावागणिक बदलतं. एग-मोर्तचं स्टेशन तटबंदीला लागून आहे, साल्स-ल-शातोचा किल्लाही चालत जवळ. कार्कासोनचा जुना कोट स्टेशनपासून चालत अर्धा तास, तोही शेवटी चढणीचा. आर्जेलेस-स्युर-मेरला उतरून समुद्र शोधाल तर तो दोनेक किलोमीटर लांब, उन्हात हे अंतर जाणवतं. कोल्युर ते पोर्-वाँद्र हे साधारण तीन किलोमीटर मात्र चालतच जा आणि परतीची गाडी पोर्-वाँद्रहून पकडा. एका दिवसात दोन बंदरं होतात.

खाण्यापिण्याचा खर्च बेकरी आणि बाजारावर आटोक्यात राहतो, पण वेळा पाळाव्या लागतात. जेवण साधारण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर छोट्या गावात किराणाही मिळत नाही. शाकाहारी मंडळींनी सेतची 'तिएल' टाळावी, त्या पुरीसारख्या दिसणाऱ्या पदार्थात ऑक्टोपस असतो. फुगास या पावात कधी डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, विचारून घ्या. एग-मोर्तची फुगास मात्र गोड असते, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेली. ती आवर्जून खावी.

बिघडतं ते बहुतेक वेळापत्रकात. तक्त्यात 'सोफ दिमाँश ए फेत' असेल तर ती गाडी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी धावत नाही. 1 मे, 14 जुलै, 15 ऑगस्ट या तारखा लक्षात ठेवा. गाडीच्या नावापुढे 'ऑतोकार' दिसलं तर ती बस आहे. ती फलाटावरून सुटत नाही, स्टेशनबाहेरच्या चौकातून सुटते आणि रेल्वेपेक्षा जास्त वेळ घेते. संपाची वार्ता असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत दुसऱ्या दिवशीच्या गाड्या जाहीर होतात, तेव्हा पुन्हा अ‍ॅप बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सेव्हेन डोंगरांच्या पायथ्याशी एका दिवसात प्रचंड पाऊस कोसळतो आणि नीम-आलेस भागातल्या गाड्या खबरदारी म्हणून थांबवतात. त्या दिवसांत विमान किंवा टीजीव्ही गाठायची असेल तर आदल्या रात्रीच मोठ्या शहरात या. परतीची शेवटची गाडी धरूनच दिवस आखू नका, शेवटून दुसरी धरा.

पिरेनीज डोंगरांतली पिवळी गाडी, म्हणजे 'त्रँ जोन', वेगळा पूर्ण दिवस मागते. पेर्पिन्यांहून व्हिलफ्राँशला टीईआर, तिथून पुढे मीटर गेजवर 63 किलोमीटर लातूर-द-कारोलपर्यंत, सुमारे तीन तास. ही गाडी तिसऱ्या रुळातून वीज घेते आणि बोल्केर-एन या 1,592 मीटर उंचीवरच्या स्टेशनातून जाते. मधले बरेच थांबे मागणीनुसार आहेत: उतरायचं तर कर्मचाऱ्याला आधी सांगा, चढायचं तर फलाटावरून हात दाखवा. उन्हाळ्यात उघडे डबे जोडतात, तिथे दोघांना शेजारी जागा हवी तर लवकर या. जुलैतही वर गारठा असतो, जाड कपडे घ्या. आल्या वाटेने परतण्यापेक्षा लातूर-द-कारोलहून तुलूझची गाडी घ्या, तीही साधारण तीन तासांची. लातूर-द-कारोलहूनच बार्सिलोनालाही गाडी आहे आणि पॅरिसला रात्रीची. पॅरिसच्या गाडीत झोपण्याची जागा घेतली तर एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं, पण तिला आरक्षण लागतं आणि ते मात्र लवकर केलेलं बरं.