निओविमचा क्लिपबोर्ड: कॉपीला पाच स्टार, पेस्टला दोन

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर मी सांभाळतो. मॉनिटर नाही, डेस्कटॉप नाही, नुसतं डेबियन १२ हे लिनक्स. राजारामपुरीतनं घरी बसून विंडोज टर्मिनल या कमांड टाइप करायच्या खिडकीतनं एसएसएच करायचं (म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं), भट्टीच्या लॉगमधली एररची ओळ उचलायची आणि शिफ्ट इंजिनिअरला व्हॉट्सॲप करायची. काम एवढंच, पण विम या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या टेक्स्ट एडिटरनं त्यात लय पिडलं.

डेबियन १२ चं साधं विम सिस्टिमच्या क्लिपबोर्डच्या सोयीशिवायच बांधलेलं आहे. व्हर्जनच्या यादीत ‘क्लिपबोर्ड’च्या आधी वजा दिसतो. डबल कोट, प्लस, वाय-वाय (म्हणजे ‘ही ओळ सिस्टिमच्या क्लिपबोर्डवर कॉपी कर’) मारलं की प्लसपाशी बीप होते, आणि टर्मिनल म्यूट असेल तर तीही ऐकू येत नाही. पुढचं वाय-वाय मात्र इमानदारीत चालतं आणि ओळ विमच्याच नेहमीच्या रजिस्टरात, म्हणजे आतल्या कप्प्यात पडते. पेस्टसाठी पी दाबलं की ओळ उमटते, आपण खूश. व्हॉट्सॲपमध्ये कंट्रोल-व्ही केलं तर सकाळी कॉपी केलेला यूपीआय आयडी! विमचं जीटीकेवालं, म्हणजे ग्राफिकल खिडकीवालं पॅकेज टाकूनही उपयोग नाही. त्यात क्लिपबोर्ड असतो, पण डिस्प्ले नसला की तेही गुपचूप त्याच रजिस्टरात ओततं. वर लायब्रऱ्यांची वरात सर्व्हरवर येते ती वेगळीच.

निओविम, म्हणजे विमचाच नवा अवतार, निदान तोंडावर सांगतं. एक्सक्लिप किंवा तसलं क्लिपबोर्डशी बोलणारं टूल सापडलं नाही की खाली मेसेज येतो, क्लिपबोर्डला प्रोव्हायडर नाही, चेकहेल्थ चालवून बघा.

खरी मजा निओविमच्या मे २०२४ च्या ०.१० आवृत्तीपासून. त्यात ओएससी ५२ ही टर्मिनलमार्फत कॉपी करायची पद्धत आतच आली. मजकूर बेस६४ करून (साध्या अक्षरांत बदलून) एका एस्केप सीक्वेन्समध्ये, म्हणजे टर्मिनललाच कळणाऱ्या खुणेत, टर्मिनलकडे पाठवला जातो, आणि टर्मिनल माझ्या लॅपटॉपवर असल्यानं ओळ थेट विंडोजच्या क्लिपबोर्डवर. सर्व्हरला एक्स किंवा वेलँडसारखी डेस्कटॉप दाखवणारी यंत्रणा लागतच नाही. नाद खुळा! डेबियन १२ च्या रेपोत मात्र ०.७ आहे, तेव्हा नव्या निओविमचा टारबॉल (झिपसारखी फाइल) उतरवून घ्या. आणि कॉन्फिगमध्ये ‘अननेम्डप्लस’ (प्रत्येक कॉपी सिस्टिमच्या क्लिपबोर्डवर टाकायचा पर्याय) लिहिलेलं असेल तर हे आपोआप चालू होत नाही. ओएससी ५२ हाच प्रोव्हायडर म्हणून स्वतः नेमावा लागतो.

पेस्टचं रडगाणं वेगळं. प्लसमधनं पी केलं की निओविम टर्मिनलला विचारतं, ‘तुझ्या क्लिपबोर्डात काय आहे?’ विंडोज टर्मिनल उत्तरच देत नाही, आणि निओविम वाट बघत बसतं. कंट्रोल-सी मारून सुटायचं. बरीच टर्मिनलं सुरक्षेपायी हे वाचन बंदच ठेवतात, आणि ते मला पटतं. कुठल्याही सर्व्हरनं माझ्या लॅपटॉपवरचा पासवर्ड का वाचावा? पण मग दोन सेकंदांत हार मानून तसं सांगायला काय होतं? मी इन्सर्ट मोडमध्ये जाऊन कंट्रोल-शिफ्ट-व्ही करतो. ते पेस्ट टर्मिनल स्वतः करतं, निओविमला काही विचारावंच लागत नाही.