गालावरचा व्रण आणि मोबाइलवरचे डॉक्टर

देवरुखात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, त्यामुळे टाक्यांच्या बाबतीत मी जरा चिकित्सकच. दोन वर्षांपूर्वी खडीवर स्कूटी घसरली आणि डाव्या गालावर दीड इंच टाके पडले. जखम भरली, पण हसले की तिथे चुणी पडायची. कोल्हापूरच्या प्लास्टिक सर्जनना दाखवायचं तर ऐन पावसात आंबा घाट, वर दुकान बंद. म्हणून भाच्याने व्हिडिओवरची वेळ घेतली. फी सहाशे, आधीच भरायची.

आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर सूचना आल्या. पावडर पुसा, केस मागे बांधा, खिडकीकडे तोंड करा. फोटो दुसऱ्याने पाच फुटांवरून काढायचे, समोरून, तिरके, दोन्ही बाजूंनी. सेल्फी चालणार नाही. फूटभरावरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं म्हणे. (शेजारची पोर नाक बारीक करायचं म्हणून घर डोक्यावर घेते, तिला हे लगेच ऐकवलं.)

वेळ पाचची, डॉक्टर उगवले पावणेसातला. मधे साधा एक फोन नाही. मी गिऱ्हाइकाला असं ताटकळत ठेवलं तर ती कापड उचलून चालती होईल.

आणि पहिलाच प्रश्न, "ताई, व्रण कुठाय?" माझ्या मोबाइलचा ब्यूटी मोड चालू होता, गाल अगदी इस्त्री केल्यासारखा! तो बंद केल्यावर मात्र डॉक्टरांनी निवांत बघितलं. हसायला लावलं, गाल फुगवायला लावला. म्हणाले, व्रण अजून लाल आहे, मऊ पडायला वर्षभर लागतं, आत्ता कापायचं नाही. तोवर सिलिकॉन जेल, सनस्क्रीन आणि बोटाने मालिश. चिठ्ठी मोबाइलवरच आली, त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक होता. २०२० च्या सरकारी नियमांप्रमाणे तो लागतोच, तुम्हीही बघून घ्या.

वर्षाने प्रत्यक्ष गेले. त्यांनी बोटाने दाबलं आणि लगेच म्हणाले, हा आत चिकटलाय, सरळ कापून भागणार नाही, झेडसारखा काप घ्यावा लागेल. व्हिडिओवर हेच "साधं काम" होतं! खर्चाचा अंदाजही त्याबरोबर वाढला. अर्थात फोटो बघून कापडाचा पोत मलाही सांगता येत नाही, पण मग अंदाज देताना तसं बोलावं ना.

ऑपरेशननंतर मात्र या सोयीने पैसे वसूल केले. सहाव्या दिवशी टाके इथल्याच डॉक्टरांनी काढले, पुढच्या तिन्ही तपासण्या मी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या केल्या. एकदा रात्री गाल सुजल्यासारखा वाटला, फोटो पाठवला, अर्ध्या तासात उत्तर आलं.

एक राहिलंच. माझे फोटो कुठे ठेवता, कोण बघतं, असं काउंटरवर विचारलं तर मुलगी नुसती हसली.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण त्या पावणेदोन तासांचे आणि त्या हसण्याचे. शिवणीचे वेगळे द्यायचे तर पूर्ण पाच. टाके काढायच्या आधी मी भिंग लावून बघितले, एकही तिरका नव्हता.