ईएमजी सेन्सर : काही महिन्यांच्या वापरानंतर

स्नायूंमधला विजेचा सिग्नल त्वचेवरून टिपणारा छोटा ईएमजी सेन्सर मी बरेच महिने वापरतेय. तीन चिकट इलेक्ट्रोड, एक ॲम्प्लिफायर बोर्ड आणि लॅपटॉपवर आलेख, एवढाच पसारा. घ्यावा का? जरूर घ्या, पण कच्चा सिग्नल देणाराच घ्या.

बरेच बोर्ड सिग्नल आतच गुळगुळीत करतात आणि फक्त चढउतारांची एक रेघ हाती देतात. मूठ आवळली की रेघ वर, सोडली की खाली. यांत्रिक पंजा हलवायला तेवढं पुरतं, स्नायू समजून घ्यायला नाही.

कच्च्या सिग्नलची खरी मजा हलक्या जोरात आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागावर इलेक्ट्रोड लावा आणि तर्जनी अगदी हळूच बाजूला रेटा. सपाट रेषेवर सुटे सुटे टोकदार ठोके उमटू लागतात, सेकंदाला साधारण आठ-दहा. पाठीच्या कण्यातली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले सगळे स्नायुतंतू, त्यांचा मिळून हा एक ठोका! जोर वाढवला की ठोके जवळ येतात आणि नवे, मोठे ठोके सामील होतात. चेतापेशी आणि तिचे तंतू यांचे लहान गट आधी, मोठे नंतर, हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेनेमन यांनी मांडलेला क्रम. आणखी जोर लावला की सगळं एकात एक मिसळतं.

इलेक्ट्रोड कुठे लावायचे, याबद्दल माहितीपत्रकात एकच ओळ होती. खरं तर सगळं त्यावरच अवलंबून आहे. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं, स्नायुतंतूच्या आवरणावरचा विद्युतभार पालटतो आणि तिथून लाट तंतूच्या दोन्ही टोकांकडे धावते. हातातल्या चेतातंतूत सिग्नलचा वेग सेकंदाला 50-60 मीटर, स्नायुतंतूवर मात्र जेमतेम 4. ॲम्प्लिफायर दोन इलेक्ट्रोडमधला फरक मोजतो. ते लाटेच्या उगमाच्या दोन्ही बाजूंना बसले, तर दोन्हींवर लाट एकदमच पोचते आणि फरक जवळपास शून्य. बेटकुळी टरारून फुगलेली आणि आलेख मलूल! इलेक्ट्रोड तंतूंच्या दिशेनेच स्नायुबंधाकडे थोडे सरकवा, सिग्नल लगेच भरतो.

थकवाही सुंदर दिसतो. वजन तसंच धरून ठेवलं की लाटेचा वेग मंदावतो, ठोके रुंद होतात आणि आलेखाची उंची बहुधा वाढते. गुळगुळीत रेघ पाहणाऱ्याला वाटेल, जोर वाढला.

तक्रारी आहेतच. जेल सुकतं, केसाळ त्वचेवर पकड नसते. घरातल्या विजेची गुणगुण सतत घुसते, म्हणून लॅपटॉप कायम बॅटरीवरच ठेवायचा. सुरक्षिततेसाठीही तेच योग्य. छातीजवळ हृदयाचे ठोके मिसळतात. कोपराखालच्या हातात इतके स्नायू दाटीने आहेत की सिग्नल नेमका कोणाचा, हे सांगणं अवघड. इलेक्ट्रोड काढून पुन्हा लावले की कालच्या उंचीशी आजची तुलना करू नये. आणि दुखण्याचं निदान यावरून करायचंच नाही. त्या तपासणीत डॉक्टर सुई वापरतात, चेतातंतूला बाहेरून झटका देऊनही पाहतात.

जमलं तर दोन चॅनलचा बोर्ड घ्या. तंतूंच्या रेषेत 2 सेंटिमीटर अंतरावर दोन जोड्या लावल्या, की तीच लाट दुसरीकडे सुमारे 5 मिलिसेकंद उशिरा दिसते. सेकंदाला हजार नमुने (म्हणजे मोजण्या) घेतले तर हा फरक फक्त पाच बिंदूंचा, म्हणून निदान दोन हजार घेणारा बोर्ड निवडा.