9 मिमी फेल्ट पॅनेल, आठ महिन्यांनंतर: पाचातले तीन तारे, आणि तेही मागच्या लाकडी पट्ट्यांना

जुलैत बाहेरच्या भिंतीवरची दोन पॅनेल गळून पडली, म्हणून हा रिव्ह्यू. नाहीतर डिसेंबरात चार तारे द्यायचं ठरलं होतं.

माल नेहमीचाच: खोलीतला घुमारा कमी करायला भिंतीवर लावतात ते पॉलिएस्टर फेल्ट, 9 मिमी, 2420 बाय 1220 ची शीट, पुण्यातल्या एका मीटिंग रूमसाठी पाच नग. कंपनीचं नाव देत नाही. त्यांच्या माहितीपत्रकात पहिली दोन पानं 'आम्ही कोण' आणि 'आमची मूल्ये' यांनाच दिलेली आहेत: वापरलेल्या बाटल्यांपासून फेल्ट, वास नसलेला माल, जुनी पॅनेल परत घेणार, आणि ठळक अक्षरांत 'पारदर्शकता'. तिसऱ्या पानावर एनआरसी 0.85. बास, एवढंच. भांडण या आकड्याशी आहे.

एनआरसी म्हणजे 250, 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला मोजलेल्या आवाजाच्या शोषणाची सरासरी, जवळच्या 0.05 ला आणलेली. पण पॅनेल भिंतीला चिकटवून मोजलं की मागे पोकळी ठेवून, हे सांगितल्याशिवाय हा आकडा अर्धवटच राहतो. फेल्ट आवाज खातं ते तंतूंमधून हवा हलते तेव्हा. भिंतीला लागून हवा हलतच नाही. ती सगळ्यात जास्त हलते तरंगलांबीच्या पाव अंतरावर. 500 हर्ट्झसाठी ते अंतर सुमारे 17 सेंमी. भिंतीला चिकटलेलं 9 मिमीचं पॅनेल 'स'चा सीत्कार खातं. पुरुषी आवाजाचा घुमारा त्याच्या हाती लागत नाही.

आता हिशेब. खोली 6 बाय 4.5 बाय 3 मीटर, म्हणजे 81 घनमीटर. फरशी, काच, जिप्सम मिळून मूळ शोषण जेमतेम 7 चौरस मीटर पूर्ण शोषणाऱ्या पृष्ठभागाइतकं. सॅबिनचं सूत्र (0.161 गुणिले घनफळ, भागिले शोषण) लावलं की घुमण्याचा काळ (आवाज विरायला लागणारा वेळ) 1.86 सेकंद. कापाकापी जाऊन भिंतीवर 14 चौरस मीटर पॅनेल लागलं. 0.85 खरं धरलं तर काळ 0.69 वर यायला हवा. मोबाइलवरच्या अ‍ॅपने, फुगा फोडून, तो आला 1.0 च्या आसपास. सूत्र उलटं फिरवलं तर पॅनेलचा आकडा निघतो 0.43.

आणि 0.43 च्या पॅनेलने 0.69 गाठायचं तर शीट लागतात दहा. पाचच्या जागी दहा!

गळण्याचं कारण वेगळं, पण मूळ तेच: थेट चिकटवणं. माहितीपत्रकात 'सोपी बसवणी, फक्त टेप' लिहिलंय. टेपने पॅनेल सोडलं नाही, डिस्टेंपरने भिंत सोडली. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, पावसाळ्यात बाहेरची भिंत पिते, आणि रंगाचा पापुद्रा पाच किलोच्या शीटसकट खाली येतो. टेपच्या मागे रंग अख्खा चिकटलेला होता.

इथे मत थोडं बदलावं लागलं. चाचणीचा पूर्ण रिपोर्ट मागितला तर दोन दिवसांत आला, काहीही न लपवता. आत स्पष्ट लिहिलंय: मांडणी ई-50. या पद्धतीत 'ए' म्हणजे थेट पृष्ठभागावर, 'ई' म्हणजे मागे पोकळी, पुढचा आकडा मिलिमीटरचा. म्हणजे प्रयोगशाळा खोटं बोलली नाही, कंपनीही नाही. माहितीपत्रक छापणाऱ्याने चार अक्षरं खाल्ली. स्वीडनच्या इकोफोनच्या तक्त्यांत शोषणाच्या आकड्यासोबत सिस्टिमची एकूण खोली मिलिमीटरमध्ये दिलेली असते. पारदर्शकता म्हणतात ती ही. त्याला वेगळं पान लागत नाही.

दुरुस्ती अशी. 2 बाय 1 इंची लाकडी पट्टी उभी धरायची, म्हणजे मागे 50 मिमी मिळतात. दोन पट्ट्यांत 600 मिमी. 8 मिमीची गिट्टी (भिंतीतल्या भोकात बसणारा प्लग), 100 मिमीचा स्क्रू. 75 चा घेतलात तर भिंतीत जेमतेम 25 जातो आणि प्लास्टरमध्येच संपतो. पॅनेल पट्टीवर चिकटवून कडेला बिनडोक्याच्या चुका (बारीक खिळे). फेल्टमध्ये त्या दिसत नाहीत. ओल्या भिंतीवर पट्टीला आधी प्रायमर मारा. कारपेंटरचा एक दिवस गेला, खर्च एका शीटपेक्षा कमी. तोच फुगा, तेच अ‍ॅप: 0.75. पॅनेल तीच, नवीन आलं ते 50 मिमी हवेचं.

बाकी भराभर. कापताना कटरच्या पात्याचं टोक दर दोन-तीन मीटरला मोडा, नाहीतर कड केसाळ होते. मागच्या बाणाची दिशा एकच ठेवा, उलटं लावलेलं राखाडी पॅनेल दुसऱ्याच रंगाचं दिसतं. धूळ व्हॅक्यूमच्या ब्रशने जाते, मार्करचा डाग जात नाही. आगीच्या दाखल्यात 'बी-एस1' वर थांबू नका, पुढे 'डी0' आहे का बघा. जळताना थेंब गळतात की नाही ते तिथे कळतं. आणि शेजारच्या केबिनमधलं बोलणं यामुळे थांबणार नाही. ते काम भिंतीचं.

राहिलं 'जुनी पॅनेल परत घेणार'. पाऊण चौरस मीटर तुकडे उरले होते, म्हणून विचारलं. उत्तर: किमान एक पॅलेट, वाहतूक तुमची. तुकडे सध्या टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवलेत. तिथे डिस्टेंपर नाही, त्यामुळे टेप चालते.