मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: गाडीतला ‘सूंऽऽ’ आवाज शोधायला कितपत कामाचा?

गाडी चालवताना सूंऽऽ असा बारीक, चढत जाणारा आवाज येऊ लागला की बऱ्याच गॅरेजमध्ये अंदाजाने पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी बेल्ट, मग टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), शेवटी बॅटरी चार्ज करणारा आख्खा अल्टरनेटर. हा खर्च वाचवायचा तर पाचशे रुपयांच्या आत मिळणारा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप जरूर घ्यावा. पण तो डिकीतून कधी बाहेर काढायचा हे आधी कळायला हवं, कारण अर्धं निदान रस्त्यावरच होतं.

गाडी उभी ठेवा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि हलकी रेस द्या. आवाज रेसबरोबर चढला तर दोष इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. आता क्लच दाबून बघा. क्लच दाबल्यावर आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय घ्या आणि सगळ्यात आधी गिअर ऑइलची पातळी तपासा. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) गेलंय. क्लचने काहीच फरक पडत नसेल तर बेल्टवर फिरणाऱ्या वस्तूंकडे वळा. रिव्हर्समध्ये येणारी सूं मात्र सोडून द्या. त्या गिअरचे दाते बहुतेक गाड्यांत सरळ कापलेले असतात, त्यामुळे तो आवाज येणारच.

उभ्या गाडीत शांतता, पण चाळीसच्या पुढे घूंऽऽ, आणि चालत्या गाडीत रेस सोडली तरी तो कायम, म्हणजे चाकाचं बेअरिंग किंवा टायर. इथे फसगत फार होते. काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर आल्यावर आवाजाचा पोत एकदम बदलला तर टायर. बेअरिंगला रस्ता कुठला याने फारसा फरक पडत नाही. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात हलकं डावीकडे वळताना आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो.

स्टेथोस्कोपचं खरं काम बेल्टच्या बाजूला. लोखंडी सळई, तिच्या मागे पातळ पडद्याची डबी आणि दोन रबरी नळ्या, एवढंच हे साधन. बाह्या दुमडा, ओढणी, मफलर काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो, त्याच्या जवळ हात नको. सळई फक्त न फिरणाऱ्या भागाला टेकवायची: अल्टरनेटरच्या पुढच्या आणि मागच्या कव्हरला, वॉटर पंपाच्या बॉडीला, आयडलरच्या (बेल्टला वाट देणाऱ्या मोकळ्या पुलीच्या) मधल्या बोल्टला. पुलीला किंवा बेल्टला कधीच नाही. इंजिन आधी आयडलवर, म्हणजे रेस न देता, मग १५०० ते २००० आरपीएमवर.

नवखे इथेच चुकतात. सळई लावली की प्रत्येक जागी आवाज येतोच, शेजारच्या पंपाचा आवाजही ब्रॅकेटमधून वाहत येतो. मोठा आवाज म्हणजे खराब पार्ट असं नाही. चांगलं बेअरिंग एकसारखं सुळसुळतं. ग्रीस संपलेल्यात त्याच सुरावर कोरडी, वाळू चिरडल्यासारखी करकर ऐकू येते. म्हणून तीन-चार जागा पाळीपाळीने ऐकून तुलना करायची.

खात्री हवी तर इंजिन बंद करून, बेल्टच्या मार्गाचा फोटो काढून बेल्ट उतरवा आणि काही सेकंदच इंजिन चालवा. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर पाणी फिरत नसतं, तेव्हा जास्त वेळ चालवू नका. आवाज गेला की इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरवा; अडखळणारी लगेच कळते. टेन्शनर नसलेल्या, ताणून बसवलेल्या बेल्टला मात्र हात लावू नका, तो उतरवला की बहुधा नवाच लागतो.

अल्टरनेटरच दोषी निघाला तर तो आख्खा बदलायची घाई नको. आतली बेअरिंग नंबरावर मिळतात. ६२०३ आणि ६३०३ दोन्हींचं भोक १७ मिलिमीटरचंच, पण बाहेरचा व्यास ४० आणि ४७, जाडी १२ आणि १४. म्हणून जुन्यावरचा नंबर वाचूनच नवं घ्या आणि दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन पुढचं-मागचं दोन्ही एकाच वेळी बदलून देतो.

पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) असेल आणि आवाज स्टिअरिंग फिरवतानाच वाढत असेल तर स्टेथोस्कोपच्या आधी स्टिअरिंग तेलाच्या टाकीचं झाकण उघडा. तेल कमी किंवा फेसाळलेलं दिसलं तर पंप हवा ओढतोय; गळती शोधा, तेल भरा, मग पंपाकडे बघा.

स्टेथोस्कोपच्या उणिवाही ठळक आहेत. चालत्या गाडीत तो वापरता येत नाही. चाकाच्या बेअरिंगसाठी गाडी स्टँडवर घेऊन, चाक हाताने फिरवत स्टिअरिंग नकलला (चाकाचं बेअरिंग धरून ठेवणाऱ्या, न फिरणाऱ्या भागाला) सळई टेकवावी लागते, आणि त्यापेक्षा फिरत्या चाकाच्या कॉइल स्प्रिंगवर बोटं ठेवली तर थरथर जास्त चटकन जाणवते. स्पीकरमधून येणाऱ्या, रेसबरोबर चढणाऱ्या सूंवर तो कुचकामी, तिथे अर्थिंग आणि अल्टरनेटरचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तपासायचे.

घेताना सळई डबीत घट्ट बसते का ते हलवून बघा, कारण ढिल्या सळईची स्वतःची खडखड करकरीसारखीच ऐकू येते. लांब सळई जोडता येणारा घ्या. छोट्या गाड्यांत अल्टरनेटर खाली दडलेला असतो आणि आखूड सळईने हात बेल्टच्या फार जवळ जातो.